सगळं वेळेवर मिळतं, तरी प्राणी येरझारा का घालतो?

प्रश्न असा आहे: पिंजऱ्यात किंवा गोठ्यात ठेवलेल्या प्राण्याला खाणं, पाणी, औषधपाणी सगळं वेळच्या वेळी मिळतं, तपासणीत कसलाही आजार सापडत नाही, तरी तो दिवसभर येरझारा घालतो, गज चावतो किंवा जीभ फिरवत बसतो. तो दुःखी आहे का? आणि हे थांबवायचं कसं?

मी पशुवैद्यक आहे. गोठे, तबेले, कोंबड्यांच्या शेड आणि प्राणिसंग्रहालयं इथून मला आजारापेक्षा वर्तनाच्या तक्रारींसाठीच जास्त बोलावणं येतं. थोडक्यात उत्तर आधी देतो. तो दुःखी असू शकतो, पूर्वी कधीतरी होता आणि आता नाही असंही असू शकतं. नुसती हालचाल पाहून ते ठरवता येत नाही. थांबवण्याचा विचार मात्र तूर्त बाजूला ठेवा. या प्राण्याच्या अंगात कोणतं काम करायची ओढ आहे आणि ते इथे नेमकं कुठे अडतंय, हे आधी शोधा. ते सापडलं की उपाय बऱ्याचदा स्वस्तातला निघतो. ते न शोधता केलेल्या उपायाने प्राण्याच्या त्रासात बहुधा भरच पडते.

तीच हालचाल, त्याच क्रमाने, पुन्हा पुन्हा, आणि वरवर पाहता त्यातून काहीच साधत नाही, अशा वर्तनाला स्टिरिओटिपी म्हणतात. कोणता प्राणी कोणती हालचाल धरेल याला काही रीत आहे. चरणाऱ्या आणि उकरून खाणाऱ्या प्राण्यांत ती बहुधा तोंडात उतरते. गाय जीभ बाहेर काढून गोल फिरवते, जिराफ भिंत चाटतो, घोडा दाराची कड दातांत धरून घशात हवा ओढतो, डुकरीण गज चावते. मांसभक्षकांत ती पायांत उतरते. वाघ, बिबट्या, अस्वल कुंपणालगत ठरलेल्या वाटेने फिरतात, आणि वळताना पाऊलसुद्धा रोज त्याच जागी पडतं. एवढ्यावरूनच शोधाची पहिली दिशा मिळते.

घोड्याचं थोडं विस्ताराने सांगतो, कारण त्याच्या बाबतीत कारणांची साखळी बरीच उलगडली आहे. मोकळा घोडा दिवसाचे साधारण 16 तास चरतो. त्याच्या जठरात आम्ल अखंड स्रवत असतं, पोट भरलेलं असो वा रिकामं. ते आम्ल सौम्य करणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. अशा घोड्याला दिवसातून दोनदा धान्याचा खुराक दिला, की अंगाला लागणारी ताकद मिळते, पण चावण्याचं काम फार लवकर संपतं. उरलेल्या तासांत पोटात आम्ल असतं आणि तोंडाला काम नसतं. ब्रिटनमध्ये क्रिस्टीन निकोल आणि सहकाऱ्यांनी कड चावू लागलेल्या शिंगरांची जठरं 2002 मध्ये तपासली. ती इतर शिंगरांच्या जठरांपेक्षा जास्त सुजलेली आणि व्रण पडलेली होती. त्याच सुमारास शिंगरांच्या मोठ्या पाठपुराव्यात दिसलं, की दूध तोडल्यावर खुराक सुरू केलेल्या शिंगरांत ही सवय लागण्याचं प्रमाण सुमारे चौपट होतं. बहुतेक घोडे हे दूध तोडण्याच्या आगेमागेच शिकतात. म्हणजे दहा वर्षांच्या घोड्याची तक्रार घेऊन मालक येतो, तेव्हा तिचं मूळ नऊ वर्षांमागच्या एखाद्या वेगळ्याच तबेल्यात असू शकतं.

आता यावरचा रूढ उपाय पाहा. घोड्याच्या गळ्याला आवळणारा पट्टा बांधतात. मान ताणून हवा ओढायला गेला की तो रुततो. घोडा कड चावायचं थांबतो आणि मालकाला वाटतं काम झालं. ओढ मात्र जिथल्या तिथे राहते. पट्टा काढल्यावर तो घोडा आधीपेक्षा जास्त चावतो, हे मोजून दाखवलेलं आहे. मी पट्टा काढायला सांगतो आणि चारा वाढवायला सांगतो: बारीक छिद्रांच्या जाळीत भरलेलं वाळलेलं गवत, जे तासन्‌तास उपसत बसावं लागेल, खुराक कमी, आणि रोज बाहेर चरणं.

त्याच तबेल्यात दुसरा एखादा घोडा दारात उभा राहून डावी-उजवीकडे सारखा डोलत असेल, तर त्याला मात्र जाळीतल्या गवताचा फारसा उपयोग होणार नाही. डोलणं बहुधा सोबतीशी निगडित असतं. शेजारचा घोडा दिसेल अशी खिडकी केली की ते घटतं, आणि भिंतीवर आरसा लावल्यानेही घटल्याचे प्रयोग आहेत. दोन्ही घोडे मालकाच्या लेखी 'वाईट सवयीचे', पण एकाचं काम तोंडाचं अडलंय आणि दुसऱ्याचं कळपाचं.

गाभण डुकरिणीचं उदाहरण याहून बोचरं आहे. तिचं वजन बेताबाहेर जाऊ नये म्हणून तिला मोजून खाद्य देतात. पोटभर दिलं तर ती खाईल त्याच्या निम्म्याच्या आसपास. ते घट्ट, पौष्टिक खाद्य ती पंधरा-वीस मिनिटांत संपवते. गज चावण्याचा जोर बघायचा असेल तर खाणं झाल्यावरची वेळ गाठा. "आत्ताच तर खाल्लंय, भूक कसली?" असं तिथला माणूस म्हणतो. थोडंसं खाल्ल्याने शोधाशोध करण्याची ओढ उलट चाळवते, आणि शोधायला समोर सिमेंट असतं. एडिनबर्गजवळ स्टोल्बा आणि वुड-गश यांनी पाळीव डुकरं झाडी, गवत, ओढा असलेल्या मोठ्या कुंपणात सोडून त्यांचं निरीक्षण केलं होतं. 1989 मध्ये छापलेल्या त्यांच्या नोंदींनुसार ही डुकरं दिवसाच्या उजेडातला निम्म्याहून जास्त वेळ चरण्यात आणि नाकाने माती उकरण्यात घालवत. विण्याआधी माद्या कळपापासून लांब जात आणि गवत-काटक्या गोळा करून घरटं बांधत. त्यांच्या कित्येक पिढ्या गोठ्यात गेल्या होत्या, तरी यातलं काही पुसलं गेलं नव्हतं. घरटं बांधण्याची ही ओढ शरीरातल्या संप्रेरकांनी सुरू होते. त्यामुळे वळायलाही जागा नसलेल्या लोखंडी चौकटीत, गवताची काडी नसताना, डुकरीण विण्याच्या आदल्या दिवशी पायाने फरशी खरवडते आणि नाकाने हवेतच काहीतरी रचत राहते.

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी वेळेचा असतो. हे केव्हा होतं? खाण्याआधी, खाल्ल्यावर, माणूस दिसल्यावर, शेजारचा प्राणी हलवल्यावर? कोंबडी अंडं घालण्याआधी तासभर अस्वस्थ फिरत असेल, तर तिला आडोशाचं खुराडं हवं आहे. दिवसभर इकडेतिकडे चोच मारत असेल, तर गोष्ट वेगळी. नुसतं घड्याळ आणि वही घेऊन बसलं तरी अर्धं निदान होतं.

दुसरा प्रश्न जागेचा असतो, आणि इथे लोक फार चटकन उत्तर देतात: पिंजरा लहान आहे, मोठा करा. कधी ते खरंच असतं. रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांनी 2003 मध्ये मांसभक्षक प्राण्यांची तुलना केली. रानात ज्या जातीचा वावर जितका मोठा, तितक्या तिच्या बंदिवासातल्या येरझारा जास्त आणि पिल्लांचे मृत्यूही जास्त, असं त्यांना आढळलं. ध्रुवीय अस्वलाचा प्राणिसंग्रहालयातला नेहमीचा आवार त्याच्या रानातल्या किमान वावराच्या सुमारे दहा लाखांशाइतका भरतो. एवढा फरक दुप्पट-तिप्पट पिंजऱ्याने भरून निघत नाही, आणि काही जाती ठेवूच नयेत असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी ध्रुवीय अस्वलाबाबत तरी आहे. हत्तींबाबतचे आकडेही अस्वस्थ करणारे आहेत. 2008 मध्ये छापलेल्या अभ्यासात युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आफ्रिकी हत्तिणींचं मध्यक आयुष्य (निम्म्या जिथवर जगल्या ते वय) 16.9 वर्षं निघालं. केनियातल्या अंबोसेली या अभयारण्यात, माणसाने मारलेल्या हत्तिणी वगळल्या तर, ते 56 वर्षं होतं. प्राणिसंग्रहालयात डॉक्टर आहे, खाणं आहे, दुष्काळ नाही, शिकारी नाही. यात वजन, पाय, कळपाची मोडतोड, आईपासून तोडणं अशा अनेक गोष्टी येतात. पण खाणं, पाणी आणि औषध पुरेसं असतं असं कुणी म्हणालं, की मला हे दोन आकडे आठवतात.

नुसत्या जागेने मात्र भागत नाही, हे जर्बिल नावाच्या वाळवंटी उंदराने फार सुरेख दाखवलं. पिंजऱ्यातले जर्बिल कोपरा तासन्‌तास उकरत राहतात. उकरायला वाळू नाही म्हणून असं होत असेल, असं कुणालाही वाटेल. वीडेनमायर यांनी 1997 मध्ये छापलेल्या प्रयोगात काही पिल्लांना उकरायला वाळू दिली. ती पिल्लं वाळूही उकरत राहिली आणि कोपरा उकरण्याची सवयही त्यांना लागलीच. दुसऱ्या गटाला तयार बीळ दिलं: एक बोगदा आणि त्याच्या टोकाला अंधारी खोली. त्यांना ती सवय लागली नाही. जर्बिलाला उकरायचं नव्हतं, त्याला बिळात पोचायचं होतं. एन्रिचमेंटच्या, म्हणजे प्राण्याचं जगणं समृद्ध करण्याच्या, नावाखाली पिंजऱ्यात टाकलेल्या वस्तू धूळ खात पडतात, त्यातल्या बऱ्याच याच चुकीमुळे.

डुकरिणीचं उदाहरण याच्या नेमकं उलट आहे. काही प्रयोगांत डुकरिणींना तयार घरटं देऊन पाहिलं, तरी त्या बांधत राहिल्या. तिथे बांधणं हीच गरज आहे. काही कामांत शेवट मिळाला की पुरे होतं, काही कामं स्वतः केल्याशिवाय भागत नाही. कुठली गोष्ट कशात मोडते हे घरबसल्या ठरवता येत नाही.

आपला अंदाज किती कच्चा असतो, याचा एक जुना दाखला आहे. ब्रिटनमध्ये 1965 साली ब्रॅम्बेल समितीने शेतीतल्या प्राण्यांच्या पालनाविषयी अहवाल दिला. प्राण्याला निदान वळता, उठता, बसता, अंग चाटता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत ही तिची भूमिका आजच्या सगळ्या प्राणिकल्याणाच्या नियमांच्या मुळाशी आहे. त्याच समितीने असंही सुचवलं होतं, की पिंजऱ्याची जमीन षट्कोनी बारीक तारेच्या जाळीची नसावी, कारण ती पायांना टोचत असेल. जाड सळ्यांची जाळी बरी. 1973 मध्ये ह्यूज आणि ब्लॅक यांनी कोंबड्यांनाच दोन्ही जाळ्या देऊन पाहिलं. कोंबड्यांनी बारीक षट्कोनी जाळी निवडली. तिच्यावर पावलाला जास्त ठिकाणी आधार मिळतो. समितीत सगळी हुशार माणसं होती. जाळीवर उभं राहायची वेळ त्यातल्या कुणावर आली नव्हती, इतकंच.

तेव्हापासून 'प्राण्यालाच विचारा' ही पद्धत रुळली. नुसती निवड पुरत नाही म्हणून किंमतही मोजायला लावतात: दार जड करत जायचं आणि प्राणी कशासाठी किती जोर लावतो ते पाहायचं. 2001 मध्ये फरसाठी पाळलेल्या मिंकांपुढे (मिंक म्हणजे पाण्याकाठी राहणारा लहान मांसभक्षक प्राणी) पोहण्याची कुंडी, जादा घरटं, उंच फळी, बोगदा, खेळणी असं बरंच काही जड दारांमागे ठेवलं. सर्वांत जास्त जोर त्यांनी पाण्यासाठी लावला. कुंडी चोवीस तास बंद केली तेव्हा लघवीतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक जवळपास उपाशी ठेवल्यावर वाढतं तितकं वाढलं. या मिंकांच्या कित्येक पिढ्यांनी पोहण्याजोगं पाणी पाहिलं नव्हतं. "जे ठाऊकच नाही त्याची उणीव कशी भासेल?" हा युक्तिवाद तेव्हाच संपायला हवा होता. गायींनीही 2018 च्या एका प्रयोगात अंग घासायच्या फिरत्या ब्रशपर्यंत पोचायला जड दार जवळपास ताज्या चाऱ्याइतक्याच जोराने ढकललं. लंगड्या ब्रॉयलर कोंबड्यांना साधं आणि वेदनाशामक मिसळलेलं असं दोन रंगांचं खाद्य दिलं, तेव्हा धडधाकट कोंबड्यांपेक्षा त्यांनी औषधाचं जास्त खाल्लं, आणि लंगडणं जितकं तीव्र तितकं जास्त. "कोंबडीला काय दुखतंय?" असं म्हणणाऱ्याला मी हा प्रयोग सांगतो.

या पद्धतीतही खाचाखोचा आहेत. पिंजऱ्यात वाढलेल्या कोंबड्यांना मेरियन डॉकिन्स यांनी पिंजरा आणि बाहेरचं मोकळं अंगण यांत निवड दिली, तेव्हा सुरुवातीला त्या ओळखीच्या पिंजऱ्यातच गेल्या. बाहेरची सवय झाल्यावर त्यांची निवड बदलली. म्हणून "दार उघडं ठेवलं होतं, तो बाहेर आलाच नाही, म्हणजे त्याला आतच आवडतं" हे एका दिवसाच्या निरीक्षणावरून म्हणू नये.

आता तुमच्या प्रश्नाच्या मर्माकडे येतो: तो दुःखी आहे का. स्टिरिओटिपी ज्या परिस्थितीत उपजते ती परिस्थिती बहुतेक वेळा वाईट असते, यावर फारसा वाद नाही. पण ज्या प्राण्यात ती दिसते तो आत्ता, या घडीला, किती त्रासात आहे हे तिच्यावरून कळत नाही. हालचाल पुरेशी वर्षं चालली की ती जुन्या जखमेच्या व्रणासारखी उरते. मेंदूतल्या, सुरू झालेली कृती थांबवण्याच्या यंत्रणेतच फरक पडलेला असतो. लहान वयाच्या बँक व्होल उंदरांना समृद्ध पिंजऱ्यात हलवलं तर त्यांच्या त्याच त्या उड्या, म्हणजे त्यांची स्टिरिओटिपी, कमी होतात, म्हाताऱ्यांच्या तितक्या होत नाहीत. सर्कशीतून सोडवून चांगल्या आवारात आणलेलं अस्वल पुढे वर्षानुवर्षं आठ पावलं तिकडे, आठ पावलं इकडे करत राहिलं, तर नव्या जागेला दोष देण्याआधी हे लक्षात घ्या.

याची दुसरी बाजू लोकांच्या पचनी पडत नाही. मेसन आणि लॅथम यांनी 2004 मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. एकाच वाईट जागेतल्या प्राण्यांपैकी जे जास्त हालचाल करतात, त्यांची अवस्था न करणाऱ्यांपेक्षा बरेचदा बरी असल्याचं त्यांना दिसलं. हालचालीतून काही अंशी दिलासा मिळत असावा, किंवा ती करणारे प्राणी मुळात परिस्थितीशी झगडणारे असावेत. याचा व्यावहारिक अर्थ असा, की दहा डुकरिणींपैकी तीन गज चावत असतील आणि सात गप्प बसून असतील, तर मी आधी त्या सातांकडे जातो. फ्रान्समध्ये कॅरोल फ्युरेक्स आणि सहकाऱ्यांनी रपेटीच्या घोड्यांत अशी गप्प अवस्था नोंदवली: मान पाठीच्या पातळीत ताणलेली, डोळे उघडे पण रोखलेले, कान हलत नाहीत, स्पर्शाला किंवा नव्या आवाजाला प्रतिसाद थंड. मालक अशा घोड्याला 'एकदम शांत' म्हणतात आणि नवशिक्यांना बसायला देतात. तक्रार येरझारा घालणाऱ्याची येते, कारण तो डोळ्यांना खुपतो. गप्प जनावराची तक्रार घेऊन क्वचितच कुणी येतं.

मग अवस्था ओळखायची कशी? मी हालचालीशेजारी इतर चार गोष्टी मांडतो. प्राणी दिवसात किती वेगवेगळी कामं करतो? नवी वस्तू दिसली तर चौकशीला येतो की दचकतो की बघतही नाही? खेळतो का? आणि झोपतो, विसावतो कसा? गाय दिवसाला साधारण 12 तास आडवी होते, आणि आडवं होणं व खाणं यांपैकी एकच करायला वेळ उरला तर ती आधी आडवी होते. गायी उभ्या दिसताहेत आणि गव्हाणीपाशी नाहीत, म्हणजे बसायच्या जागेत काहीतरी खोट आहे. त्यासाठी कुठली महागडी चाचणी लागत नाही.

उपायांविषयी. एन्रिचमेंट म्हणजे पिंजऱ्यात टायर टांगणं, असा जो समज आहे त्याने फार पैसा वाया गेला. नवी वस्तू काही दिवस नवी असते, मग ती भिंतीचा भाग होते. टिकतात ते उपाय ज्यांत प्राण्याच्या कामाला फळ मिळतं. प्राण्यांना आयतं खाणं समोर असतानाही मेहनत करून खायला आवडतं, हे 1963 पासून प्रयोगांनी माहीत आहे. ग्लेन जेन्सेनच्या उंदरांनी वाटीत दाणे असताना कळ दाबून दाणे मिळवले होते. लहान जंगली मांजरांना एकाच ताटात एकदा मांस देण्याऐवजी तेच मांस फांद्यांच्या ढिगांत लपवून दिवसातून अनेकदा दिलं, की येरझारा घटतात आणि शोधाशोध वाढते. खर्च रखवालदाराच्या वेळेचा. तोच खर्च करायला व्यवस्थापन सर्वांत नाखूष असतं, हाही अनुभवाचा भाग.

अपेक्षा मात्र ताळ्यावर ठेवा. प्राणिसंग्रहालयांतल्या अशा उपायांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, तेव्हा येरझारा आणि तत्सम हालचाली साधारण निम्म्याने कमी झाल्याचं दिसलं; पूर्ण थांबल्याची उदाहरणं थोडी. निम्मं होणं हे यशच समजा.

खाण्याची वेळ हा यातला नाजूक भाग. रोज ठरलेल्या ठोक्याला खाणं आलं की त्याआधीचा तासभर येरझारांत जातो. म्हणून वेळ बदलती ठेवा असं सांगतात, आणि काही जातींत ते उपयोगी पडतं. पण वेळ बदलती आणि सूचना काहीच नाही, असं झालं तर चाव्यांचा किंवा बादलीचा प्रत्येक आवाज खोटी आशा लावतो, आणि अवस्था बिघडते. मला बरं वाटलेलं मिश्रण असं: वेळ बदलती, पण खाणं येण्याआधी एकच ठरलेला, कधीही न फसवणारा संकेत. आणि ज्या आवाजाशी खाण्याचा संबंध नाही तो शक्यतो त्यांच्या कानावर पडू नये.

शेतीतल्या प्राण्यांत वेळ, मजूर आणि नफा यांचं गणित घट्ट असतं, त्यामुळे तिथे 'कोणतं काम अडलंय' हा प्रश्न जास्तच कामाला येतो. वासरांचं बघा. बादलीतून दूध दिलं की वासरू ते काही मिनिटांत संपवतं, पण दुधाची चव जिभेला लागल्यावर चोखण्याची ओढ पुढे दहाएक मिनिटं टिकते. मग ते शेजारच्या वासराचे कान, बेंबी, आचळ चोखतं. त्यावर नाकात काटेरी कडं घालतात, म्हणजे चोखायला गेलं की दुसऱ्याला टोचतं आणि ते लाथ मारतं. तेच दूध संथ वाहणाऱ्या रबरी बोंडाने द्या, दूध संपल्यावरही बोंड तिथेच राहू द्या, आणि लगेच वाळलेलं गवत समोर ठेवा. बहुतेक वासरं तिथेच शांत होतात. चोखतात म्हणून वासरांना एकेकटं ठेवण्याची पद्धत आहे, तिची किंमतही असते. एकटी वाढलेली वासरं नव्या चाऱ्याला बिचकतात आणि शिकलेला नियम बदलला की जोडीने वाढलेल्यांच्या मागे पडतात.

कोंबड्यांचं पिसं उपटणं लोक भांडण समजतात. भांडणातली चोच डोक्यावर बसते. पिसं उपटणारी चोच मात्र शांतपणे, बहुधा मागून, शेपटीकडच्या पिसांत जाते. जमिनीवर चोच मारण्याचं काम पिसांकडे वळलेलं असतं. म्हणून पिल्लं पहिल्या दिवसापासून भुशावर, उकरायला मिळेल अशा जमिनीवर वाढवणं हा मुळावरचा उपाय. चोच कापल्याने इजा कमी होते, ओढ नाही. डुकरांच्या शेपट्या चावण्याचंही असंच: उकरायला काही नसणं हे मोठं कारण, आणि त्यावर गर्दी, खाद्याच्या गव्हाणीपाशी अपुरी जागा, झोतवारा, उकाडा, आजार यांतलं काहीही ठिणगी टाकतं. युरोपीय संघाच्या नियमांत शेपट्या सरसकट कापायला मनाई आहे, तरी बहुतेक देशांत त्या कापल्या जातातच. नुकसान टाळायचं तर शेपट्या कशा धरल्यात ते रोज बघा; प्रकरण पेटण्याच्या काही दिवस आधीपासून पिळदार शेपट्या खाली दबलेल्या दिसू लागतात.

पिंजरे काढले की सगळं ठीक होतं असंही समजू नका. युरोपीय संघात कोंबड्यांचे जुने बिनसोयीचे पिंजरे 1 जानेवारी 2012 पासून बंद झाले आणि ते योग्यच झालं. त्यात एका कोंबडीला 550 चौरस सेंटीमीटर जागा मिळे, आणि पंख फडफडवायला तिला 1,800 च्या वर लागते. पण अनेक मजल्यांच्या मोकळ्या शेडमध्ये उंचावरून उड्या मारताना छातीचं हाड मोडण्याचं प्रमाण मोठं आहे, आणि पिसं उपटण्याची लागण हजारोंच्या थव्यात वेगाने पसरते. मजल्यांमध्ये चढ-उतरायला तिरप्या फळ्या लावल्या की हाडं कमी मोडतात. निवड पैदाशीनेही फरक पडतो. विल्यम म्यूर यांनी एकेकटी कोंबडी न निवडता अख्ख्या पिंजऱ्याचं जगणं आणि अंडी पाहून पुढची पिढी निवडली. चोची न कापलेल्या कोंबड्यांतलं वार्षिक मृत्यूचं प्रमाण 68 टक्क्यांवरून दोन पिढ्यांत 8.8 टक्क्यांवर आलं. एकेकटी जास्त अंडी देणारी कोंबडी निवडताना आपण कधीकधी शेजारणींना चोच मारून पुढे जाणारी निवडत असतो.

औषधांबद्दलही विचारलं जातं. फ्लुऑक्सेटीनसारखी, माणसांना नैराश्यावर देतात ती औषधं येरझारा घालणाऱ्या अस्वलांपासून पिसं उपटणाऱ्या पोपटांपर्यंत वापरली जातात. प्राणी स्वतःला जखमा करत असेल तर मीही देतो. पण जागा आणि दिनक्रम बदलण्याच्या जोडीनेच, आणि आधी वेदना नाही ना हे तपासून. दाढ दुखणारा किंवा सांधे धरलेला प्राणी 'वर्तनाचा रुग्ण' म्हणून माझ्याकडे येतो, हे नेहमीचंच आहे.

तुमच्या प्राण्यासाठी आजपासून काय करायचं, ते सांगतो. काहीही विकत घेण्याआधी आठवडाभर नोंद ठेवा. दिवसातल्या वेगवेगळ्या वेळी, दर पाच मिनिटांनी एकदा पाहून, त्या क्षणी तो काय करतोय एवढंच लिहा: येरझारा, खाणं, आडवा, चौकशी, नुसता उभा. शक्यतो त्याला तुम्ही दिसणार नाही अशा जागेवरून, किंवा कॅमेऱ्याने. हालचाल कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर येते ते शेजारी टिपा. मग एकाच वेळी एकच बदल करा आणि निदान तीन आठवडे द्या. एकदम पाच गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. सवय नवी आणि प्राणी तरुण असेल तर फरक लवकर दिसेल. जुनी असेल तर येरझारांचा आकडा कदाचित थोडाच हलेल. अशा वेळी वहीतल्या बाकीच्या रकान्यांकडे बघा. चौकशी, विसावा, खेळ हे रकाने भरू लागले असतील तर बदल चालू ठेवा. येरझारा कमी होऊन 'नुसता उभा' हाच रकाना वाढला असेल, तर लगेच मागे फिरा आणि पहिल्यापासून तपासा.